सामायिक वंशवृक्षात घरची वंशावळ घालावी का?

दादरचा_वाटसरू (धागाकर्ता)

गेली काही वर्षे मी आमच्या घराण्याची वंशावळ जमवत आहे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. पणजोबा नोकरीसाठी मुंबईत आले आणि पुढच्या पिढ्या गिरगाव, दादर, बोरिवली अशा उत्तरेकडे सरकत गेल्या. आतापर्यंत हे सारे एका जाड वहीत आणि संगणकावरील एका तक्त्यात आहे. न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतभावाचा आग्रह असा की, हा सगळा मजकूर एखाद्या जागतिक सामायिक वृक्षात घालावा, म्हणजे जिथे प्रत्येक दिवंगत व्यक्तीचे एकच पान असते आणि ते कोणाही सभासदाला सुधारता येते, अशा ठिकाणी.

नमुन्यादाखल त्याने पणजोबांचे पान उघडले. काही महिन्यांनी पाहतो तर कोणा अनोळखी सभासदाने ते दुसऱ्या एका पानाशी जोडून टाकले होते, आणि पणजोबांना एक जास्तीची पत्नी व चार अनोळखी मुले मिळाली होती. नाव, आडनाव, जिल्हा सारखे दिसले, एवढ्यावर हा संसार उभा राहिला. भाऊ म्हणतो की असे होतच असते, दुरुस्त करता येते. मला प्रश्न पडला आहे की जे आपण जबाबदारीने तपासले आहे ते अशा सर्वांच्या हातातल्या जागी ठेवावे का. ज्यांनी ही संकेतस्थळे वापरली आहेत त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

चाळकरी

पणजोबांच्या नव्या पत्नीला पणजीने घरात घेतले का, हे आधी कळू द्या.

कळफलक

सगळी संकेतस्थळे एका मापाने मोजू नयेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फॅमिलीसर्चचा वृक्ष संपूर्णपणे एकच आहे आणि तो विनामूल्य आहे. त्यामागची संस्था अमेरिकेतील युटा राज्यातली असून तिची सुरुवात १८९४ साली झाली. तिथे दिवंगतांची पाने कोणीही बदलू शकतो, पण प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि जुनी स्थिती परत आणता येते. जिवंत व्यक्तीचे पान मात्र सहसा ज्याने केले त्यालाच दिसते. विकिट्री २००८ मध्ये सुरू झाले. तिथे प्रत्येक पानाला जबाबदार व्यवस्थापक असतो, माहितीचा आधार देणे अपेक्षित असते आणि १७०० पूर्वीच्या व्यक्तींची पाने हाताळण्यासाठी वेगळी पात्रता लागते. जेनी २००७ चे. ते २०१२ मध्ये मायहेरिटेजने विकत घेतले, आणि तिथे काही स्वयंसेवक निरीक्षक म्हणून काम पाहतात. अ‍ॅन्सेस्ट्री आणि मायहेरिटेजवर मात्र प्रत्येकाचा वृक्ष वेगळा असतो व संगणक फक्त 'हे दोघे एकच असावेत' असे सुचवतो.

धागाकर्त्यांची अडचण पहिल्या प्रकारात जास्त येते. दुसऱ्या प्रकारात तुमचे पान कोणी बिघडवत नाही, परंतु तुमची चूक शंभर जण आपापल्या वृक्षात उतरवून घेतात आणि मग एवढ्या ठिकाणी आहे म्हणजे खरेच असणार, असा समज होतो. मला विचाराल तर हा दुसरा धोका मोठा आहे, कारण त्यात दुरुस्ती कुठे करायची हेच ठरत नाही.

मोडीवाचक

आपल्याकडे हा घोटाळा अधिक होण्यामागे नावांची पद्धत आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्यामुळे रामचंद्र विठ्ठल, विठ्ठल रामचंद्र आणि पुन्हा रामचंद्र विठ्ठल अशी साखळी दोनशे वर्षे चालते. त्यातच दोन चुलत घराण्यांत एकाच आजोबांची नावे एकाच दशकात ठेवली जातात. संगणकाला हे सगळे एकच माणूस वाटले तर त्याचा फारसा दोष नाही.

दुसरी गोष्ट सनावळीची. जुन्या कागदांवर शालिवाहन शक असतो, तो कोणी तसाच इसवी सनाच्या रकान्यात भरतो आणि पूर्वज ७८ वर्षांनी म्हातारा होतो. शके १७९० म्हणजे इ. स. १८६८-६९. पेशवाईतल्या मोडी कागदांवर सुहूर सन ही त्या काळची कालगणना अरबी शब्दांत लिहिलेली असते. उदाहरणार्थ 'अर्बा सितैन मया व अलफ' म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६४, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७६३-६४ येते. हा हिशेब ज्याला येत नाही त्याने तारखेचा रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना पुढच्या माणसाला फसवत नाही.

खटपट्या

मोडीवाचक यांच्याशी सहमत आहे. त्यात स्थळांची भर घालतो. जुन्या नोंदीत जन्मस्थळ 'कुलाबा' असे असते आणि ते जिल्ह्याचे नाव असते. १९८१ मध्ये तो जिल्हा रायगड झाला. एका वृक्षात माझ्या ओळखीच्या कुटुंबाचे महाड भागातले सगळे पूर्वज कुलाबा कॉजवेच्या आसपास जन्मलेले दाखवले होते, कारण भरणाऱ्याने स्थळांच्या यादीतला पहिला पर्याय निवडला. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर. १८९० साली जन्मलेल्या माणसाला पालघर जिल्ह्यात टाकले की त्याचे कागद कोणत्या कचेरीत शोधायचे, हे पुढच्याला कळतच नाही. गाव, तालुका आणि त्या वेळचा जिल्हा असे तिन्ही लिहावे.

जन्मतारखेविषयी तर बोलायलाच नको. आमच्या आजोबांच्या वर्गातली निम्मी मुले १ जूनला जन्मली आहेत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत असे आणि गुरुजींना तारीख सोयीची पडत असे.

चाळकरी

माझे वडील, दोन काका आणि वडिलांचे सासरे, चौघेही १ जूनचे. केक एकच आणतो.

गिरगावकरीण

आतापर्यंतच्या प्रतिसादांत बायकांचा उल्लेख फक्त पणजोबांच्या जास्तीच्या पत्नीपुरता आला आहे, याची नोंद घ्यावी.

माझ्या पणजीचे माहेरचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. लग्नात आडनावासोबत पाळण्यातले नावही बदलत असल्यामुळे एकाच बाईची दोन संपूर्ण वेगळी नावे असतात, आणि वृक्षातले संगणकीय जुळणीचे तंत्र इथे पार हतबल होते. शेवटी उत्तर मिळाले ते माळ्यावरच्या एका पितळी डब्यावर. त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या अक्षरांत तिचे माहेरचे नाव, भेट देणाऱ्या मामांचे आडनाव आणि तिथी होती. डबा चिंचेने घासल्यावर शेवटची दोन अक्षरे वाचता आली. त्या आडनावावरून मामांच्या वंशजांपर्यंत पोहोचले आणि त्यांच्याकडे आहेराची वही निघाली. आहेराच्या वहीत कोणी कोणत्या नात्याने काय दिले ते क्रमाने लिहिलेले असते, म्हणजे ती त्या दिवसापुरती नातलगांची हजेरीच असते. ज्यांच्या घरी अशी वही आहे त्यांनी ती रद्दीत देण्यापूर्वी निदान फोटो काढून ठेवावेत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी हा सगळा शोध सामायिक वृक्षात घातला आणि त्या डब्याचा फोटोही जोडला. त्यानंतर इंदूरच्या एका बाईंनी संपर्क साधला. त्या पणजीच्या धाकट्या बहिणीच्या पणती निघाल्या. खासगी वहीत ठेवले असते तर त्यांना मी कधीच सापडले नसते. मुलींच्या बाजूने पसरलेले नातलग शोधायला या जागेइतके चांगले साधन मला दुसरे ठाऊक नाही, कारण छापील कुलवृत्तांतात लेक लग्न होऊन गेली की तिच्यापुढे पूर्णविराम असतो.

पोथीनिष्ठ

कुलवृत्तांतांविषयी गिरगावकरीण ताईंचा आरोप जुन्या आवृत्त्यांपुरता खरा आहे, हे मान्य करूनही थोडा प्रतिवाद करतो. मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या कामात होतो. तिथे प्रत्येक शाखेला छापील प्रपत्र पाठवले जाई, भरून आलेले प्रपत्र त्या शाखेतील वडीलधाऱ्याच्या सहीने येई, आणि दोन शाखांची माहिती जुळली नाही तर संपादक मंडळ दोघांना पत्रे लिही. काम संथ होते, वादही झाले. परंतु एखादे विधान कोणी केले, हे त्यात शोधता येते. सामायिक वृक्षात एखादे टोपणनाव रात्री दोन वाजता तुमच्या खापरपणजोबांचे वडील बदलून जाते आणि कारण म्हणून 'दुसऱ्या वृक्षावरून' असे लिहिते. याला संशोधन म्हणणे मला जड जाते.

लालबागचा

पोथीनिष्ठ काका, आदर राखून विचारतो, कुलवृत्तांत कोणाचे झाले? ज्या घरांत लिहिणारे, पत्रव्यवहार करणारे आणि छपाईला पैसे देणारे होते त्यांचे. आमचे आजोबा साताऱ्याहून गिरणीत आले. त्यांच्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. आमच्या घराण्याचा इतिहास छापायला कोणतेही मंडळ बसलेले नव्हते आणि बसणारही नव्हते. मी जो वृक्ष भरला तो आमच्या घरात लिहिलेला पहिला कागद आहे, आणि तो सामायिक आहे म्हणूनच गावाकडच्या भावकीतली पोरे मोबाइलवरून त्यात भर घालू शकतात.

आधार नाहीत असेही नाही. शाळेचे जनरल रजिस्टर, गाव नमुना १४ ची जन्ममृत्यूची नोंदवही, वारसांचे फेरफार (जमिनीच्या हक्कनोंदीतले बदल) आणि गिरणीतले कामगारपत्र यांवर चार पिढ्या व्यवस्थित उभ्या राहतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा याच नोंदवह्या हजारोंनी बाहेर आल्या आणि अनेक जिल्ह्यांनी त्या गावनिहाय संकेतस्थळांवर ठेवल्या. आरक्षणाविषयी कोणाचे काहीही मत असो, वंशावळ शोधणाऱ्याने ती पाने जरूर पाहावीत.

पोथीनिष्ठ

लालबागचा यांचा मुद्दा बिनतोड आहे. माझा आक्षेप लिहिण्याच्या सोयीवर नाही, सही नसण्यावर आहे.

त्र्यंबकवारी

सहीवरून आठवले. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या आहेत का कोणी? गाव आणि आडनाव सांगितले की ते लांबट वही काढतात आणि आपल्या घरचा जो कोणी यापूर्वी आला असेल त्याची नोंद दाखवतात. कित्येक नोंदी त्या यात्रेकरूने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या असतात: मी अमुक, माझे वडील, आजोबा, भाऊ, मुलगे, कोणत्या कारणाने आलो, मिती. पुढचा येतो तो आपली नोंद खाली वाढवतो. आधीच्याचे अक्षर खोडून 'तुझे आजोबा हे नव्हेत' असे कोणी लिहीत नाही. म्हणून दोन नोंदींत फरक असेल तर तो फरकही टिकून राहतो आणि कोणावर विश्वास ठेवायचा ते वाचणाऱ्याला ठरवता येते. सामायिक वृक्षात नेमके हेच हरवते. तिथे शेवटचा बोलणारा जिंकतो, आणि आधीचा काय म्हणाला होता हे बदलांच्या यादीत खोल जाऊन पाहावे लागते.

युटाच्या संस्थेने हरिद्वारच्या अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण केले आहे आणि तीर्थक्षेत्रांच्या वह्यांच्या प्रतिमांचा संग्रह फॅमिलीसर्चवर आहे. पाने उलटत बसण्याची चिकाटी मात्र हवी.

गिरगावकरीण

त्या वह्यांतही मुलगे आणि भाऊच असतात, त्र्यंबकवारी. आई असलीच तर तिच्या अस्थींच्या निमित्ताने.

त्र्यंबकवारी

हे मात्र नाकारता येत नाही.

वसईची_नात

आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचा अनुभव थोडा वेगळा आहे. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींत मुलाच्या आईवडिलांसोबत धर्ममातापित्यांची नावे असतात आणि ते बहुधा जवळचे नातलग असल्यामुळे एका नोंदीतून दोन घराणी हाती लागतात. अडचण अशी की वसई, साष्टी आणि मुंबई बेटावरच्या गावठाणांत आडनावे मोजकी आणि संतांची नावेही मोजकी. परदेशातल्या वृक्षांतून आमच्या पूर्वजांची नाळ थेट लिस्बनच्या सरदारांशी जोडून देणारे उत्साही सभासद मी पाहिले आहेत. पोर्तुगीज आडनाव बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचेही असू शकते, हे त्यांना सांगून पटत नाही, कारण सरदार पूर्वज कोणाला नको असतो!

चाळकरी

आमच्याकडे सगळ्यांचा मूळ पुरुष शिवरायांच्या सैन्यात असतो. लिस्बनचे सरदार त्या मानाने परवडले.

शंकेखोर

मला वेगळीच भीती वाटते. गावच्या जमिनीत आमच्या भावकीतले कितीतरी जण हिस्सेदार आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांचा पत्ता नाही. वंशावळ जगजाहीर केली तर उद्या कोणीतरी ती छापून हिस्सा मागायला येईल. शिवाय बँका सुरक्षेचा प्रश्न म्हणून आईचे माहेरचे आडनाव विचारतात, आणि इथे आपण तेच चव्हाट्यावर मांडतो.

काळ्या_कोटातला

शंकेखोर यांच्या दोन भीती वेगळ्या करू. जमिनीतला हक्क वारसा कायद्याने मिळतो, संकेतस्थळाने मिळत नाही आणि जातही नाही. तुम्ही वृक्ष लपवून ठेवलात तरी हिस्सेदार हिस्सेदारच राहतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सेदार आहेत, तेव्हा वंशावळीत लेकींची नावे न घातल्याने त्यांचा हक्क कमी होईल असे ज्यांना वाटते त्यांनी तो भ्रम सोडावा. उलट दिशेनेही तेच. जात पडताळणीच्या अर्जात वंशावळीचे प्रतिज्ञापत्र लागते. त्याला संकेतस्थळाची छापील प्रत जोडून काही साधत नाही, नोंदींच्या प्रमाणित नकलाच लागतात. पण एक सूचना करतो: घरात कोणाचे पडताळणी प्रमाणपत्र झाले असेल तर त्या फाइलची प्रत मागून घ्या. वंशावळ आणि तिचे पुरावे एकत्र बांधलेले इतरत्र क्वचितच मिळतात.

दुसरी भीती खरी आहे. मायहेरिटेजच्या सुमारे नऊ कोटी वीस लाख खात्यांचे ईमेल पत्ते आणि सांकेतिक स्वरूपातले पासवर्ड बाहेर गेल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. बँकेच्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावेच असे बंधन नाही, तुम्हाला लक्षात राहील ते काहीही द्या. हयात व्यक्तींची माहिती त्यांच्या संमतीवाचून घालू नये, हे कायद्याआधी शिष्टाचाराला धरून आहे.

मालवणी_मुलगा

संमतीवरून एक खरा पेच सांगतो. माझ्या आत्याने अनेक वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केले आणि आजोबांनी तिच्याशी संबंध तोडले. आजोबा गेले, आत्याही गेली. आता आत्याची मुले म्हणतात की आईचे नाव वृक्षात हवे, आणि थोरले काका म्हणतात की वडिलांची इच्छा मोडू नका. कोणाचे ऐकावे?

गिरगावकरीण

आत्या तुमच्या आजोबांची मुलगी होती की नव्हती? वृक्ष तेवढेच विचारतो. नाव घाला.

पोथीनिष्ठ

पूर्ण सहमत. आमच्या संपादक मंडळातही हा प्रश्न आला होता आणि नाव घालण्याचाच निर्णय झाला. पृष्ठ छापल्यावर रागावलेल्या काकांनीच दोन प्रती जास्त मागितल्या.

मोडीवाचक

अशीच गुंतागुंत दत्तकाची. दत्तक गेलेला मुलगा कागदावर एका बापाचा आणि रक्ताने दुसऱ्याचा, त्यामुळे दोन वृक्षांत तो दोनदा येतो आणि कोणीतरी एक पान चुकीचे म्हणून उडवतो. काही संकेतस्थळांवर जन्मदाते आणि दत्तक असे दोन्ही पालक जोडता येतात. विकिट्रीवर पालकांची एकच जोडी जोडता येते, तिथे दुसरी बाजू मजकुरात लिहावी लागते. भरण्यापूर्वी ही सोय तपासावी.

दादरचा_वाटसरू

सर्वांचे आभार. एवढ्या प्रतिसादांनंतर माझा विचार असा झाला आहे की मूळ संग्रह माझ्याच संगणकावर ग्रॅम्प्ससारख्या विनामूल्य प्रणालीत ठेवायचा, त्याची गेडकॉम (कोणत्याही वंशावळ-प्रणालीत उघडणारी फाइल) प्रत अधूनमधून काढायची, आणि सामायिक वृक्षात फक्त दिवंगतांचीच पाने घालायची, तीही ज्यांना निदान एक तरी कागद जोडता येईल अशांची. तोंडी माहिती असेल तर 'आजीने सांगितले' असे आजीच्या नावासह लिहायचे, म्हणजे पोथीनिष्ठ यांची सही त्यात येईल. पणजोबांना जोडलेले पान कालच वेगळे केले. कारणाच्या रकान्यात दोघांच्या वडिलांची नावे, गावे आणि आमच्या फेरफाराचा क्रमांक लिहिला, आणि जोडणाऱ्या सभासदालाही निरोप पाठवला. त्यांचे सविस्तर उत्तर आले. ते त्याच तालुक्यातल्या शेजारच्या गावचे आहेत आणि त्यांच्या पूर्वजाचे मृत्यूचे साल त्यांच्याकडे नाही, म्हणून त्यांनी आमचेच घेतले होते.

एक शंका उरते. नाव रोमन लिपीत द्यावे की देवनागरीत? रोमनमध्ये काळे आणि काले, काणे आणि काने एकच दिसतात.

कळफलक

दोन्हींत द्या. शोध घेणारी परदेशातली नातवंडे रोमनमध्ये टंकतात, म्हणून मुख्य नाव रोमनमध्ये आणि पर्यायी नावाच्या रकान्यात देवनागरी. बापू, नाना, ताई ही घरची नावे टोपणनावाच्या रकान्यात घाला, मुख्य नावात नकोत. आणि जोडणी पुन्हा झाल्यास कळावे म्हणून त्या पानाच्या सूचना चालू ठेवा. फॅमिलीसर्चवर एखाद्या पानावर लक्ष ठेवण्याची सोय आहे, बदल झाल्याची सूचना मिळते.

खटपट्या

शेजारच्या गावच्या त्या गृहस्थांना त्यांच्या गावाचा नमुना १४ तहसील कचेरीत पाहायला सांगा. मृत्यूचे साल तिथे सापडण्याचा संभव आहे. अर्ज करताना अंदाजे दहा वर्षांचा कालखंड लिहावा, नाहीतर कारकून 'साल सांगा' म्हणून परत पाठवतो.